चष्मेवाल्यांचा वार्षिक मृत्यू

रॉकेटकाकांना एखाद्या सभेत कुणी विचारलं, की तुम्हाला कल्पना कुठून सुचतात, तर ते आधी पाणी पीत. पेला खाली ठेवत, मिशा पुसत आणि म्हणत, "संपादकबाईंच्या फोनवरून." लोक हसत. काका हसत नसत, कारण त्यांच्या मते त्यात हसण्यासारखं काही नव्हतं. प्रेरणा त्यांच्या घरी कधी फिरकली नव्हती. फोन मात्र दरवर्षी न चुकता यायचा, मासिकाच्या वार्षिक अंकाच्या आधी, आणि पलीकडून संपादकबाई विचारायच्या, "काका, पानं सोडून ठेवू ना?" पानं सोडली म्हटल्यावर ती भरणं आलं. आपण नाही भरली तर तिथे गुडघेदुखीच्या तेलाची जाहिरात जाईल, ही एकच भावना त्यांना लिहायला बसवायची.

काकांनी उभा जन्म विज्ञानकथा लिहिल्या होत्या आणि साहित्याबद्दलची त्यांची मतं न विचारताही मिळत. एका परिसंवादात शेजारी बसलेले कवी म्हणाले, की लेखन म्हणजे स्वतःचा शोध. काकांनी माईक ओढला आणि म्हणाले, "हरवला असाल तर चौकीवर कळवा. वाचकाला कशाला कामाला लावता?" कवी पुन्हा कधी त्यांच्या शेजारी बसले नाहीत, आणि काकांच्या मते हा त्या परिसंवादाचा मोठाच फायदा होता.

पोटापाण्यासाठी काकांनी निवृत्तीपर्यंत पाण्याच्या पंपांच्या कारखान्यात नकाशे काढले होते, आणि त्यांचा सगळा साहित्यविचार तिथूनच आला होता. ते म्हणत, "पंपाचा नकाशा काढताना मी रडत होतो की शीळ घालत होतो, हे पंपाला कळतं का? पाणी चढलं म्हणजे झालं. गोष्टीचंही तेच. लेखकाच्या मनात काय चाललंय याच्याशी तिचा काडीचा संबंध नाही. संबंध आहे तो बैठकीशी." काकूंना हे भाषण पाठ होतं. त्या काकांच्या कथा वाचत नसत. "घरात एक आहे तेवढा पुरे," म्हणत आणि आपलं विणकाम पुढे चालू ठेवत.

हे सगळं ऐकून घेणारा आणि तरी चिडवायला न घाबरणारा एकच माणूस होता, तो म्हणजे चष्मेवाले. बाजाराच्या कोपऱ्यावर त्यांचं चष्म्यांचं दुकान. पुढे काचेचं कपाट, मागे पडद्याआड अक्षरांचा तक्ता आणि ती उंच खुर्ची. गिऱ्हाईक नसलं की तिच्यावर बसून ते स्वतः विज्ञानकथा लिहीत. शहरात या प्रकारचे लेखक दोनच. वासरांत लंगडी गाय शहाणी म्हणतात. इथे लंगड्या गाई दोन होत्या आणि वासरांना दोघींचीही फारशी पर्वा नव्हती. त्यामुळे मैत्री होणं भागच होतं.

ती झाली मात्र भांडणातून. तरुणपणी एका बैठकीत चष्मेवाले घसा खाकरून म्हणाले होते, "यांची यानं चंद्रावर जातात खरी, पण वाटेत पाणी उपसत असावीत असं वाटतं." सगळे खो खो हसले. पुढच्या वार्षिक अंकात काकांच्या कथेत एक सडपातळ, चष्मा लावणारा, बोलण्याआधी घसा खाकरणारा अधिकारी आला आणि तिसऱ्या पानावर परग्रहाच्या दलदलीनं त्याला गिळलं. चष्मेवाल्यांनी ते वाचलं, एक अक्षर बोलले नाहीत, आणि त्याच्या पुढच्या वर्षी त्यांच्या कथेतल्या एका जाड, मिशाळ शास्त्रज्ञानं भाषण करायचं म्हणून भर अंतराळात शिरस्त्राण काढलं.

तेव्हापासून प्रथाच पडली. दर अंकात दोघं एकमेकांना मारत. चष्मेवाले विरघळले, गोठले, काळयंत्रातून उतरताना दोन शतकांच्या मध्ये अडकले. काकांना झाडांनी पचवलं, स्वतःच बनवलेल्या यंत्रमानवानं निरुपयोगी सामान म्हणून बाहेर टाकलं. नियम कुणी लिहिले नव्हते, पण दोघंही कसोशीनं पाळत. तोच मृत्यू पुन्हा वापरायचा नाही. विज्ञानात बसला पाहिजे. आणि सगळ्यात मोठा नियम, हळहळ बंद: माणूस मेला की कथेतल्या बाकीच्यांनी पुढच्या वाक्याला कामाला लागायचं. अंक आला की काका दुकानात जात आणि चहा पिता पिता दोघं आपापल्या मरणाची तपासणी करत. "एवढ्या थंडीत माणूस किंचाळणार नाही रे, तोंडच उघडणार नाही," असं एक म्हणे आणि दुसरा ते मान्य करायला तासभर घेई. दोघांच्या बायकांना हे माहीत होतं आणि संपादकबाईंनाही. त्या मुद्रितं वाचताना विचारत, "या वर्षी कितव्या पानावर?"

मग चष्मेवाले आजारी पडले. आधी भूक गेली, मग वजन गेलं, आणि शेवटी दवाखान्यात वरच्या मजल्यावर खिडकीजवळची खाट मिळाली. काका भेटायला गेले तेव्हा वहिनींनी, म्हणजे चष्मेवाल्यांच्या बायकोनं, त्यांना खोलीत जाऊच दिलं नाही. जिन्याच्या कोपऱ्यात नेलं.

"भावजी, डॉक्टरांनी हात टेकलेत," त्या म्हणाल्या. "आता नुसतं दुखू नये एवढंच बघायचं. यांना आम्ही सांगितलंय, यकृताला सूज आहे, औषधानं उतरेल. तुम्हीही तेच म्हणा."

काकांनी खोलीच्या दाराकडे पाहिलं.

"यांना कळता कामा नये. माझ्या सासऱ्यांना सांगितलं होतं, तर ते भिंतीकडे तोंड करून जे पडले ते पडलेच. जेवले नाहीत, शेवटपर्यंत कुणाशी बोलले नाहीत. यांचं तसं झालेलं मला बघवणार नाही. राहिले दिवस हसून जाऊ देत. आणि तुमचा चेहरा हे चटकन ओळखतात, म्हणून आधीच सांगते."

"वहिनी," काका म्हणाले, "खोटं बोलणं हा माझा धंदा आहे. काळजी करू नका."

आणि खरंच, चेहरा त्यांनी छान सांभाळला. आजाऱ्याशी फार गोड बोललं की त्याला संशय येतो, हे त्यांना ठाऊक होतं. म्हणून ते रोज दुपारी जाऊन चष्मेवाल्यांशी भांडत. दवाखान्याच्या उशीवरून, प्रकाशाच्या वेगावरून, कुठल्या तरी जुन्या कथेतल्या चुकीवरून. डोळ्यांत पाणी यायला लागलं की खिडकीतून खालच्या गाड्या बघत आणि त्या लावणाऱ्यांना नावं ठेवत. जिन्यात वहिनी हळूच म्हणत, "तुमचे उपकार आहेत, भावजी." घरी जाताना काकांना वाईट वाटे, आणि आपल्या कामगिरीचा थोडा अभिमानही वाटे. लेखक झाला तरी माणूसच.

वार्षिक अंकाचा फोन आला तो त्याच दिवसांत. चष्मेवाले खाटेवरून म्हणाले, "माझ्याच्यानं यंदा होणार नाही. हातात पेन धरवत नाही. तू एकटाच खिंड लढव. आणि हे बघ रॉकेट, मला जरा नीट मार. गेल्या वर्षी फार घाईत उरकलंस."

"गेल्या वर्षी तू त्याच लायकीचा होतास," काका म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते टेबलाशी बसले. बेत पक्का होता. दूरच्या प्रवासाला निघालेलं एक यान, त्यात चष्मा लावणारा, घसा खाकरणारा एक नकाशेतज्ज्ञ. हवा गळायला लागते. बाहेरची एक झडप हातानं बंद करावी लागते. नकाशेतज्ज्ञ कमरेला दोर बांधून बाहेर जातो, झडप बंद होते आणि येताना दोर तुटतो. मग बाकीचे जेवायला बसतात. साधं, स्वच्छ, विज्ञानात बसणारं मरण.

काकांनी यान लिहिलं, गळती लिहिली. दोर तर अगदी मन लावून लिहिला. तो कसा झिजला होता, त्याचे पीळ कसे सुटले होते, कप्तानानं बदलायला सांगूनही तो कसा कुणी बदलला नव्हता. नकाशेतज्ज्ञ बाहेर गेला. झडप बंद झाली. इथे काका पाणी प्यायला उठले. परत येऊन बसले तर दोर तुटेना. त्यांनी पेनात शाई भरली, खिडकी लावली, पुन्हा उघडली. दोर तुटेना. वाटलं, दोराऐवजी उल्का आणावी. उल्का आली आणि बाजूनं निघून गेली. दुपारपर्यंत नकाशेतज्ज्ञ यानाला धरून लटकत राहिला, आणि जेवायच्या वेळी, काकांना नीटसं कळायच्या आत, कुणीतरी आतून दार उघडलं आणि तो आत आला.

संध्याकाळी त्यांनी सगळं पुन्हा वाचलं. कथा उभी राहत होती, पाणी चढत होतं. माणूस जिवंत राहिला हा बदल कथेच्या गरजेनं झाला, असं त्यांनी ठरवलं, आणि एकदा ठरवल्यावर त्यांना ते पटलंही. आपल्या मनाचा त्यात काही हात असेल, ही शंका त्यांना शिवली नाही. तीस-पस्तीस वर्षं ज्याच्या विरुद्ध भाषणं केली, ते आपल्याच टेबलावर घडेल असं कुणाला वाटेल?

संपादकबाईंचा फोन आला. "काका, मी पानं पुढे-मागे करून पाहिली. या वर्षी तो मेलेलाच नाही."

"कथेची गरज," काका म्हणाले.

"बरं," बाई म्हणाल्या. "खरं सांगू का, छान वाटलं." चष्मेवाले दवाखान्यात आहेत हे त्यांना ठाऊक होतं, सूज आहे आणि उतरेल, एवढंच ठाऊक होतं.

अंक छापून आला तसा एक नेहमीप्रमाणे दुकानावर पोचला आणि चष्मेवाल्यांच्या मुलानं तो संध्याकाळी वडिलांना नेऊन दिला. दुसऱ्या दिवशी दुपारी काका गेले तेव्हा वहिनी दारातच भेटल्या. कितीतरी दिवसांनी त्यांचा चेहरा मोकळा होता. "आज खुशीत आहेत," त्या म्हणाल्या. "तुमची गोष्ट वाचली. दोन घास जास्त जेवले. तुम्ही बसा, मी खालून थर्मासमध्ये चहा घेऊन येते."

चष्मेवाले उशीला टेकून बसले होते. अंक पांघरुणावर उपडा पडला होता. ते आणखी बारीक झाले होते, त्यामुळे चष्मा मोठा दिसत होता.

"मधला भाग लांबलाय," ते म्हणाले.

"लांबायलाच हवा होता," काका खुर्ची ओढत म्हणाले.

"झडप बाहेरून बंद करायची? अंतराळात कोण बाहेरून झडप लावतं? ही तुझ्या पंपाची झडप आहे."

"माझं यान, माझी झडप."

"बरं. दोर का नाही तुटला?"

"कुठला दोर?"

चष्मेवाल्यांनी घसा खाकरला. "रॉकेट, तू त्या दोरावर दीड पान खर्च केलंयस. झिजलाय काय, पीळ सुटलेत काय, कप्तानानं सांगूनही कुणी बदलला नाही काय. एवढी तयारी करतोस आणि तो तुटतच नाही. मग एक उल्का येते. तीही नम्रपणे बाजूनं निघून जाते. मग दार उघडतं, हा आत येतो आणि सगळे टाळ्या वाजवतात. टाळ्या, रॉकेट! तुझ्या यानात!"

"कथेची गरज होती, चष्म्या—"

"आणि एक जण त्याचा हात धरून म्हणतो, आम्हाला वाटलं तू गेलास."

काकांना ते वाक्य आठवलं. कधी लिहिलं ते मात्र आठवेना.

"पुढचा अंक बघेन का मी?" चष्मेवाल्यांनी विचारलं.

"काहीतरीच काय बोलतोस! सूज आहे. औषधानं—"

"हां, हा चेहरा चांगला आहे तुझा. या चेहऱ्यानं मी इतके दिवस फसलोच होतो. डॉक्टरही बरे बोलतात. ही तर फारच छान बोलते. पोरगा येऊन विचारतो, बाबा, नवीन कपाट कुठल्या भिंतीला लावू? एकाचाही शब्द चुकला नाही. सगळ्यांनी एवढं सांभाळलं आणि तू छापून दिलंस."

खालून गाड्यांचे आवाज येत होते. काकांनी खिडकीकडे पाहायचा प्रयत्न केला, पण गाड्यांना नावं ठेवायला शब्द सापडेनात. "मला तुला मारता येईना," ते शेवटी म्हणाले. "बसलो होतो मी. सकाळपासून बसलो होतो. जमलंच नाही."

एवढं बोलून काका रडले. मोठा माणूस रडतो तसे, अवघडून, रुमाल न सापडता. चष्मेवाल्यांनी त्यांना रडू दिलं आणि तोवर अंकाची पानं उगाच चाळली.

"डोळे पूस, ती येईल," ते म्हणाले. "मला कळलंय हे तिला कळता कामा नये. तिला भीती आहे, मी बाबांसारखा भिंतीकडे तोंड करून पडेन."

"पडशील?"

"आज पहाटे पडलो होतो थोडा वेळ. बघण्यासारखं काही नाही रे भिंतीवर. रंगसुद्धा धड दिलेला नाही. मग म्हटलं, त्यापेक्षा हिच्याकडे बघावं. ही झोपली होती खुर्चीत." त्यांनी चष्मा काढून पांघरुणाला पुसला. "तेव्हा आता मीही तुमच्या मंडळीत. मला सूज आहे आणि ती उतरणार आहे."

वहिनी थर्मास घेऊन आल्या. कपाटातून स्टीलचे तीन कप काढले, चहा ओतला. काकांचे लाल डोळे त्यांनी पाहिले आणि जागच्या जागी थबकल्या. पण काकांना सबब शोधावी लागली नाही, चष्मेवालेच बोलले.

"याच्या कथेला नावं ठेवली तर रडतोय बघ. एवढं मन हळवं असेल तर लिहावं कशाला माणसानं?"

वहिनींच्या जिवात जीव आला. चष्मेवाले तर सुटलेच होते. "आणि हे बघ, सूज उतरली की समुद्रावर जायचं. पोरगा सांभाळेल दुकान. पण खोली समुद्राच्या बाजूची हवी, मागच्या वेळेसारखी स्वयंपाकघराच्या बाजूची नको."

"समुद्राच्याच बाजूची घेऊ," वहिनी म्हणाल्या. "आणि खालच्या मजल्यावरची. जिने नकोत तुम्हाला."

"खालून समुद्र दिसत नाही. वरचीच घे. तोवर चढेन की मी जिने."

"बरं बाई, वरची."

काका दोघांकडे आळीपाळीनं पाहत होते. तिला माहीत होतं, याला माहीत होतं, आणि दोघं मिळून खोली ठरवत होते, पडदे कुठल्या रंगाचे असावेत इथपर्यंत आले होते. एकही शब्द खोटा वाटत नव्हता. इतक्या वर्षांत असा एकही संवाद आपल्याला लिहिता आलेला नाही, हे काकांना कळलं, आणि आयुष्यात पहिल्यांदाच एखादी गोष्ट कुठून सुचते हे कुणाला तरी विचारावंसं वाटलं.

"भावजी, तुम्ही आणि काकूही चला," वहिनी म्हणाल्या.

"याला नको," चष्मेवाले म्हणाले. "हा आला की कुणीतरी मरतं."

वहिनीच आधी हसल्या, मग काका, मग चष्मेवाले, धाप लागेपर्यंत. वहिनी सगळ्यांत जास्त हसल्या. हसता हसताच त्यांनी कप गोळा केले, त्यांतला एक अजून भरलेला होता, आणि खोलीला लागून असलेल्या न्हाणीघरात जाऊन त्यांनी दार लोटून घेतलं. आत नळ सुरू झाला.

तीन कपांना लागावं त्याच्यापेक्षा बराच जास्त वेळ तो चालू राहिला.

"ऐकतोयस ना?" चष्मेवाले हळूच म्हणाले. आता ते हसत नव्हते. "रोज असंच. रोज कप धुते. इतके दिवस मला वाटायचं, हिला स्वच्छतेचं वेड लागलंय."

काकांनी न्हाणीघराच्या दाराकडे पाहिलं.

"मला जाता येत नाही रे. मला माहीत नाही ना काही. तू जा. तुला माहीत आहे हे तिला माहीत आहे. जा, बोल तिच्याशी काहीतरी."

काका उठले. न्हाणीघराच्या दाराशी जाऊन उभे राहिले. आत पाणी वाहत होतं. काय बोलावं ते त्यांना काही केल्या सुचेना. तरी त्यांनी दार वाजवलं.